संताप फॉरवर्ड करून चळवळ चालत नाही

अत्याचाराची बातमी येते. तासाभरात व्हॉट्सॲपचे सगळे ग्रुप पेटतात आणि दोन दिवसांत विझतात. मग उरते आपसातली चिखलफेक: कोण दलाल, कोण गद्दार, कोणाचा गट खरा. पीडित कुटुंब मात्र पोलीस ठाण्याच्या पायऱ्या एकटेच झिजवत असते. ॲट्रॉसिटी कायद्याच्या नियमांनुसार 60 दिवसांत तपास पूर्ण होऊन आरोपपत्र दाखल व्हायला हवे. 61 व्या दिवशी ते झाले का, हे विचारायला आपल्यातले किती जण शिल्लक असतात?

20 मार्च 1927 ला महाडमध्ये चवदार तळ्याचे पाणी प्यायले म्हणून आपल्या माणसांवर लाठ्या पडल्या. बाबासाहेबांनी प्रतिहल्ला होऊ दिला नाही. पण ते गप्पही बसले नाहीत. दोनच आठवड्यांनी, 3 एप्रिलला, 'बहिष्कृत भारत' सुरू झाले. पाक्षिक होते ते. पंधरा दिवसांनी निघायचे, पण विरोधकांना मुद्देसूद उत्तर द्यायचे. तळ्याचा खटला तर 1937 मध्ये मुंबई हायकोर्टात जिंकेपर्यंत लढला गेला.

'सबुरीने घ्या' हा मनुवाद्यांचा उपदेश आपल्याला नकोच. आपण म्हणतो तो संथपणा वेगळा आहे. आधी एफआयआर वाचा, कलमे तपासा, मग लिहा. मतभेद असलेल्या साथीला शिवी देण्याआधी त्याच्यासमोर बसा. 'शिका' ही घोषणा आपण रोज देतो. न वाचता पुढे ढकललेली पोस्ट हा त्या शब्दाचा अपमान आहे.

जयभीम!