रिकाम्या बाकांची बेरीज

बारावीचा निकाल लागला की आमच्या इंजिनीअरिंग कॉलेजात प्राध्यापकांना गावे वाटून दिली जात. माझ्या वाट्याला तालुक्याच्या पूर्वेकडची अकरा गावे होती. मोटारसायकलला माहितीपत्रकांचा गठ्ठा बांधायचा, पोराच्या बापाला शेतावर गाठायचे आणि सांगायचे, ‘काका, तुम्हाला फी भरायची नाही, सरकार भरते. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला तेवढा काढून ठेवा.’ ज्याचे प्रवेश कमी, त्याचा पगार अडे. मेकॅनिकल शिकवायला म्हणून नोकरीला लागलेला मी, उतारवयात दाखल्यांचा जाणकार झालो!

ज्यांना विनाअनुदानित कॉलेज म्हटले की देणगीची थैली आठवते, त्यांना हे खोटे वाटेल. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनीअरिंग कॉलेजांना परवानगी दिली, तेव्हा आपली पोरे कर्नाटकात पैसे मोजून शिकायला जात होती. पैसा आणि पोरे दोन्ही राज्यात राहिली, हे खरे. पण त्या वर्गांत बसला कोण? ज्याच्या बापाला थैली परवडत होती तो. १९८७ च्या कायद्याने कॅपिटेशन फीला बंदी घातली. थैली टेबलावरून टेबलाखाली गेली. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उन्नीकृष्णन खटल्यात निम्म्या जागा ‘फ्री’ आणि निम्म्या ‘पेमेंट’ अशी वाटणी केली, २००२ मध्ये टी. एम. ए. पै खटल्यात तीच मोडीत काढली. वाजवी शिल्लक चालेल, नफेखोरी नको, असे न्यायालयाने सांगितले. शिल्लक कुठे संपते आणि नफा कुठे सुरू होतो, हे आमच्या संस्थाचालकांना अजून उमगलेले नाही.

पुढे ९३ वी घटनादुरुस्ती आली, २००६ मध्ये राज्याचा कायदा आला आणि खासगी कॉलेजांतही राखीव जागा लागू झाल्या. संस्थाचालकांनी आधी कपाळाला हात लावला. मग कॉलेजे भाराभार झाली, बाके रिकामी पडू लागली आणि त्यांच्या ध्यानात आले की ज्या पोराची फी सरकारी तिजोरीतून येते, तोच आता आपला अन्नदाता आहे.

मी निवृत्त झालो त्या वर्षी माझ्या वर्गात ऊसतोड कामगाराचा मुलगा होता, पारधी वस्तीवरून येणारा एक होता, बँडवाल्याची मुलगी होती, पाच एकर कोरडवाहू जमिनीवाल्या पाटलाचा नातू होता. पुण्या-मुंबईच्या नावाजलेल्या कॉलेजांत ज्यांची पुरती दोन पिढ्यांची शाळाही झालेली नाही अशी पोरे एका बाकावर किती दिसतात, मला शंका आहे. नफ्याच्या हिशेबाने का होईना, गावकुसाबाहेरचा मुलगा ड्रॉइंग बोर्डासमोर उभा राहिला. याला मी तरी नावे ठेवणार नाही.

मात्र संमेलनात चालक ‘बहुजनांच्या लेकरांसाठी ही गंगा आणली’ असे म्हणत, तेव्हा मला कार्यालयातली रजिस्टरे आठवत. तिथे विद्यार्थ्याला नाव नसे. तो ‘पूर्ण’ असे किंवा ‘अर्धा’. अनुसूचित जाती-जमातीचा म्हणजे पूर्ण, कारण त्याची सगळी फी सरकारकडून. ईबीसी सवलतीचा अर्धा, कारण उरलेली अर्धी बापाच्या मागे लागून वसूल करायची. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील आर्थिक दुर्बल, मराठा आणि ओबीसी मुलींचीही फी सरकारने उचलली. चांगलेच झाले. पण रजिस्टरात मुलीही ‘पूर्ण’ झाल्या असतील, एवढेच.

आणि हे सरकारी पैसे वेळेवर येत नाहीत. २०२१ पासून अनुसूचित जातींच्या शिष्यवृत्तीचा केंद्राचा साठ टक्के हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होतो. कागदावर सोय उत्तम. पण तो येतो तेव्हा घरात बहिणीचे लग्न असते, नाहीतर सावकार दारात असतो. कॉलेज मग पोराला धरते. मूळ कागदपत्रे अडवू नयेत असा नियम आहे. आमच्याकडे ती कपाटात असत आणि किल्ली घेतलेला माणूस रजेवर असे. बँडवाल्याच्या मुलीला परीक्षेच्या आदल्या संध्याकाळपर्यंत हॉल तिकीट मिळाले नव्हते. तिच्या बापाने कोणाच्या तरी वरातीची आगाऊ रक्कम आणून भरली. ‘एक रुपया लागणार नाही’ हे त्याला सांगणारा मीच होतो.

फी ठरते कॉलेजच्या खर्चावर, आणि खर्चात सर्वांत मोठा आकडा आमच्या पगाराचा. तो पत्रकात वेतन आयोगाप्रमाणे, हातात निम्मा, तोही चार-चार महिन्यांनी. म्हणजे सरकार ज्या शिक्षकाचे पैसे मोजते, तो शिक्षक वर्गात नसतोच. तो गावोगाव प्रवेश गोळा करत असतो. आता २०२४ पासून एआयसीटीईने चांगल्या कॉलेजांच्या जागांवरची मर्यादाही काढली. शहरातल्या कॉलेजांनी कॉम्प्युटरच्या तुकड्या वाढवल्या, आणि तालुक्याच्या कॉलेजला आणखी लांबच्या वस्त्या शोधाव्या लागल्या.

ही कॉलेजे बंद करा असे मी म्हणत नाही. ती बंद झाली तर पारध्याचा पोरगा पुण्याला जाणार नाही, तो घरी बसेल. पण जनतेचा पैसा घेणाऱ्या प्रत्येक कॉलेजने दरवर्षी एक तक्ता दारावर लावावा: चार वर्षांपूर्वी कोणत्या प्रवर्गाचे किती आले, त्यांतले किती पास होऊन बाहेर पडले, कितींची कागदपत्रे अजून कपाटात आहेत. शेजारी शिक्षकांच्या बँकेत जमा झालेल्या पगाराचा तक्ता. शुल्क नियामक प्राधिकरणाने फी ठरवण्याआधी हे दोन तक्ते पाहावेत. आज प्रवेशाचे आकडे वर्तमानपत्रात येतात. गळलेल्यांचे कोणी विचारत नाही.

गेल्या जूनमध्ये माझ्या जागी लागलेल्या तरुण प्राध्यापकाचा फोन आला. एम.टेक. झालेला, हुशार मुलगा. ‘सर, तुमची अकरा गावं मला दिलीत. पारधी वस्तीवर आधी कोणाला भेटायचं?’ मी त्याला नाव सांगितले. मग विचारले, पगार कुठल्या महिन्यापर्यंतचा झाला? तो म्हणाला, फेब्रुवारी.