ओस ग्रामसभा आणि आपण सुशिक्षित

"गांवांत राजकारण फार माजलें आहे, सभ्य माणसानें आतां तेथें तोंड उघडण्याची सोय राहिली नाहीं," हें वाक्य जळगांव-धुळ्याच्या कोणत्याहि सुशिक्षित घरांत चहाच्या वेळीं ऐकूं येतें. बोलणारे गृहस्थ बहुधा निवृत्त शिक्षक, वकील किंवा बँकेंतले अधिकारी असतात. त्यांचें बिऱ्हाड शहरांत, पण शेत गांवांत. मतदारयादींतलें नांव पुष्कळदां गांवांतच. आणि आखाजीला लेकीबाळींसह ते गांवीं जातातहि. गांवच्या गटारीविषयीं, नळाच्या पाण्याविषयीं, सरपंचाच्या नव्या मोटारीविषयीं त्यांच्याजवळ सांगण्यासारखें पुष्कळ असतें. मात्र गेल्या दहा वर्षांत आपण किती ग्रामसभांस हजर होतां, असा साधा प्रश्न विचारला, कीं संभाषण एकदम पावसापाण्याकडे वळतें. आमचा आजचा वाद या गृहस्थांशीं आहे. ते आमचेच आप्त आहेत. म्हणून तो पडदा न ठेवतां मांडण्याचा आम्हांस अधिकार आहे, असें आम्ही समजतों.

ग्रामपंचायत निराळी आणि ग्रामसभा निराळी, हा भेद आधीं स्पष्ट केला पाहिजे. पंचायत म्हणजे निवडून आलेले सभासद. ग्रामसभा म्हणजे मतदारयादींत नांव असलेला गांवचा प्रत्येक स्त्रीपुरुष. १९५८ सालचा ग्रामपंचायत अधिनियम, त्यांत वेळोवेळीं झालेल्या दुरुस्त्यांसह, वर्षांतून निदान चार ग्रामसभा भरविण्यास सांगतो. आणि सबळ कारणावांचून सभा न भरविणाऱ्या सरपंचाचें पदहि जाऊं शकतें. आर्थिक वर्षाच्या पहिल्या सभेपुढें मागील वर्षाचा जमाखर्च ठेवावा लागतो. विकासाच्या कामांस संमति देणें, सरकारी योजनांचे लाभार्थी निवडणें, हीं कामें या सभेचीं. स्त्रियांची स्वतंत्र सभा आधीं घ्यावी, असाहि नियम आहे. दिल्लीच्या आणि मुंबईच्या सभागृहांत आपण प्रतिनिधि पाठवितों. ग्रामसभेंत आपण स्वतःच सभासद असतों. एवढ्या मोठ्या लोकशाहींत सामान्य माणसानें स्वतः जाऊन बसावें असें आसन कायद्यानें बहुधा हें एकच मांडून ठेवलें आहे, आणि नेमकें तेंच आपण रिकामें सोडलें आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं स्वातंत्र्यदिनीं आम्ही जळगांव जिल्ह्यांतील एका खेड्यांत पाहुणे होतों. आमचे यजमान निवृत्त मुख्याध्यापक. ध्वजवंदन झालें, मुलें खाऊ घेऊन पांगलीं, आणि शाळेच्या पटांगणांत ग्रामसभा भरली. आम्ही कुतूहलानें जाऊन एका बाजूस बसलों. यजमान मात्र घरीं वर्तमानपत्र वाचीत राहिले. गणपूर्तीस मतदारांपैकीं शेंकडा पंधरा किंवा शंभर, यांत जी संख्या लहान असेल तितकीं माणसें लागतात. त्या गांवास शंभर हवीं होतीं. आम्हीं मोजलीं तीं सदतीस. नळाची नवी वाहिनी कोणत्या आळीनें न्यावी, हा मुख्य विषय पांच मिनिटांत वाचला गेला आणि 'सर्वानुमतें' मंजूर झाला. संध्याकाळीं पंचायतीचा शिपाई हजेरीची नोंदवही काखेंत घालून दारोदार फिरला. आमच्या यजमानांनीं चष्मादेखील न लावतां तींत सही केली. न वाचतां कशावरहि सही करूं नये, असें ज्यांनीं तीस वर्षें मुलांना शिकविलें, त्यांची ती सही होती. पुढील वर्षीं त्यांचा फोन आला, तेव्हां ते संतापले होते. वाहिनी वरच्या आळीनें गेली. यांच्या दाराशीं पाणी नाहीं. "गुरुजी, त्या ठरावाखालीं आपली सही आहे," एवढेंच आम्ही बोलूं शकलों.

या हकीकतींत लबाडी कोणाची? शिपायाची, सरपंचाची, कीं ज्याच्या सहीवांचून ही लबाडी तडीस जाऊं शकत नव्हती, त्याची? आमचें उत्तर वाचकांनीं ओळखलेंच असेल.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो कीं, ग्रामसभेस खरे अधिकारच नाहींत. सर्व सूत्रें वरून हालतात. यांत तथ्य आहे, आणि तें आम्ही लपवीत नाहीं. घटनेच्या ७३ व्या दुरुस्तीनें १९९३ सालीं पंचायतींस घटनात्मक स्थान दिलें. तरीहि सरपंच थेट लोकांनीं निवडावा कीं सभासदांनीं, हा नियम राज्यांत २०१७, २०२० आणि २०२२ असा तीनदां फिरला, आणि एकदांहि गांवांस कोणीं विचारलें नाहीं. पंधराव्या वित्त आयोगानें पंचायतींसाठीं ठेवलेल्या निधींतील मोठा हिस्सा पाणी आणि स्वच्छता यांसाठींच बांधून दिला. जळगांव जिल्हा परिषदेची मुदत २०२२ सालच्या मार्चमध्यें संपली, आणि कारभार प्रशासकाच्या हातीं गेला. निवडणुका घ्या, असें राज्यास बजावण्यासाठीं २०२५ सालच्या मे महिन्यांत सर्वोच्च न्यायालयास आदेश काढावा लागला. परंतु या तीन वर्षांत आपण काय केलें? आमच्या आळींतील चित्रपटगृह तीन वर्षें बंद राहिलें असतें, तर त्याविषयीं याहून अधिक हळहळ ऐकूं आली असती. जो हक्क आपण वापरीत नाहीं, तो काढून घेतला गेला तरी आपणांस त्याची चाहूल लागत नाहीं. वरच्यांनीं अधिकार दिले नाहींत, ही तक्रार करण्याचा मान दिलेले अधिकार वापरणारांचा आहे.

दुसरा आक्षेप तटांचा. गांवांत दोन तट, त्यांत आपण कशाला पडावें? पण तट आपल्या येण्यानें वाढत नाहींत. ते आपल्या न येण्यावरच पोसतात. सदतीस माणसांच्या सभेंत वीस माणसांचा तट राजा असतो. तीनशें माणसांच्या सभेंत त्याला बोलण्यापूर्वीं विचार करावा लागतो. आणि भांडणें असतांहि सामायिक कारभार चालवितां येतो, हें तर खानदेशानें जगास दाखविलें आहे. धुळे जिल्ह्यांत पांझरेच्या कांठीं फडपद्धति कित्येक शतकें चालत आली. बंधाऱ्याखालील जमिनीचे फड पाडावयाचे, एका फडांत सर्वांनीं एकच पीक घ्यावयाचें, पिकांची पाळी दरसाल फिरवावयाची. पाणी देण्यास पाटकरी आणि राखणीस जागल्या शेतकऱ्यांनींच नेमावयाचे. पाण्याइतकें भांडणाचें दुसरें मूळ नाहीं. तरी त्या निरक्षर म्हणविल्या गेलेल्या कुणब्यांनीं पाटाचें पाणी वांटून घेतलें, कारण ठरविण्याच्या वेळीं ते स्वतः हजर असत. जुनें उदाहरण नको असेल, तर साक्री तालुक्यांतील बारीपाडा पाहावें. त्या आदिवासी पाड्यानें १९९० नंतरच्या दशकांत स्वतःच नियम करून, ते मोडणारास स्वतःच दंड लावून, सुमारें चारशें हेक्टर जंगल राखलें. त्या कामाचे पुढारी चैत्राम पवार यांस २०२५ सालीं पद्मश्री मिळाली. ते वाणिज्य शाखेचें उच्च शिक्षण घेतलेले आहेत, आणि तें घेऊन ते पाड्यांतच राहिले. आमच्या आप्तांनीं ही गोष्ट दोनदां वाचावी.

तिसरा आक्षेप नव्या काळाचा आहे. आतां सर्व हिशेब संगणकावर दिसतो, दाखले घरबसल्या मिळतात. मग सभेची कटकट हवी कशाला? २०१५ सालच्या लोकसेवा हक्क अधिनियमानें जन्ममृत्यूचे दाखले, घराचा नमुना आठचा उतारा वगैरे सेवा ठराविक मुदतींत देणें पंचायतीस भाग पाडलें, आणि २०२० पासून पंचायतींचा जमाखर्च केंद्र सरकारच्या ई-ग्रामस्वराज या संकेतस्थळावर कोणासहि पाहतां येतो. या दोन्ही सुधारणा आम्हांस मोलाच्या वाटतात. परंतु पडद्यावर 'काम पूर्ण' अशीं अक्षरें उमटलीं, तरी गटार बांधली गेली कीं नाहीं हें त्या गल्लींत राहणाराच सांगूं शकतो. आणि त्यानें तें चारचौघांत सांगावें अशी जागा ग्रामसभेवांचून दुसरी नाहीं. शिवाय, ज्या उताऱ्यावर आपला हक्क आहे, त्यासाठीं ग्रामपंचायत अधिकाऱ्यापुढें—लोक त्यांस अजून ग्रामसेवकच म्हणतात—आपण 'तेवढी कृपा करा' म्हणून उभे राहतों, आणि वर चहापाण्याचेंहि विचारतों. हा याचकपणा कोणता संगणक घालविणार?

१९३६ सालच्या डिसेंबरांत काँग्रेसचें अधिवेशन फैजपुरास भरलें. खेड्यांत भरलेलें तें पहिलें अधिवेशन, याचा अभिमान आपल्या घरोघरीं अजून सांगितला जातो. तो रास्तच आहे. पण त्या वेळीं जे बांबूच्या मंडपाखालीं जमिनीवर बसले, त्यांचीं नातवंडें शाळेच्या पटांगणांत दोन तास बसण्यास लाजतात, हें त्या अभिमानाच्या शेजारीं लिहून ठेवलें पाहिजे.

आम्ही कोणास शहर सोडून जाण्यास सांगत नाहीं. वर्षांतून चार दिवस मागतों. बहुधा ते महाराष्ट्रदिन, स्वातंत्र्यदिन, गांधीजयंती आणि प्रजासत्ताकदिन यांच्याच आसपास येतात, आणि यांतले पुष्कळ दिवस कचेऱ्यांस सुट्टीचे असतात. ज्यांचें नांव गांवच्या यादींत आहे त्यांनीं जावें, जमाखर्च मागून घ्यावा, तो वाचावा, एक प्रश्न विचारावा. घरच्या स्त्रियांनीं महिलासभेस जावें, आणि पुरुषांनीं त्या दिवसाचा स्वयंपाक सांभाळावा. आणि ज्यांच्यानें यांतलें कांहींच होणार नाहीं, त्यांनीं संध्याकाळीं दाराशीं नोंदवही आली, तर निदान सही तरी करूं नये.