वंशावळ काढताना

हिमोफिलिया असलेल्या मुलाची केस लिहून घेताना आपला एक ठरलेला प्रश्न असतो : आईच्या माहेरी कुणाला असा त्रास होता का? शास्त्राच्या दृष्टीने त्यात काही चूक नाही. फॅक्टर आठ आणि नऊ यांची जनुके एक्स गुणसूत्रावर असतात आणि मुलग्याला ते आईकडूनच मिळते. पण हा प्रश्न आपण बहुधा नवरा आणि सासू शेजारी उभे असताना विचारतो. त्यांना तो प्रश्न वाटत नाही, निकाल वाटतो. मग पुढे पोराचा गुडघा सुजला की दर वेळी ‘तुझ्या माहेरचं दुखणं’ हे तिला ऐकावेच लागते.

वंशावळ आधी आईशी एकटीशी बोलून काढावी. सुमारे एकतृतीयांश रुग्णांच्या घराण्यात हा आजार पूर्वी कुणालाच नसतो, हे तिला सांगावे. मग घरच्यांना आत बोलवावे आणि डॉक्टरांनी स्वतःच्या तोंडाने सांगावे, की हे कुणाच्या चुकीने झालेले नाही. गरोदरपणी ग्रहण न पाळल्याने तर नाहीच नाही. तिने सांगितले तर ती सबब ठरते, डॉक्टरांनी सांगितले की घर ऐकते.

जागतिक हिमोफिलिया महासंघाच्या 2020च्या मार्गदर्शक सूचनांत उपचारगटाच्या गाभ्यातच मनोसामाजिक तज्ज्ञ धरला आहे. आपल्याकडे अनेक ठिकाणी फॅक्टर मिळतो, पण हा माणूस मिळत नाही. ते पद भरले जावे यासाठी भांडत राहिलेच पाहिजे. तोवर हे काम फॅक्टर देणाऱ्या सिस्टरांवर येते, आणि त्यांना ते जमते. शीर शोधताना पोराचा हात त्यांच्या हातात असतो. ‘खेळाच्या तासाला काय करतोस रे?’ एवढे विचारले तरी पोरगा बोलू लागतो. कित्येक मुले घोट्यातली कळ दिवसभर लपवतात, कारण सांगितले की दुसऱ्या दिवशी मैदान बंद. त्या लपवण्यात उपचाराचे मोलाचे तास जातात आणि त्याच सांध्यात पुन्हा पुन्हा रक्त साचू लागते. खेळायचे नाही, असे बजावण्याऐवजी पोहणे, चालणे यांतले त्याला काय करता येईल ते फिजिओथेरपिस्टला विचारून लिहून द्यावे, शाळेसाठी चिठ्ठीही द्यावी.

आणि आई? तिला वाहक म्हटले की आपण तिच्या अंगावरच्या रक्तस्रावाचे विचारायचे विसरतो. वाहक स्त्रियांचीही फॅक्टरची पातळी कमी असू शकते. पाळीत अतिरिक्त रक्त जाणे, बाळंतपणानंतर रक्तस्राव लांबणे हे सगळे ‘बायकांना होतंच’ म्हणून तिने सोसलेले असते. मुलाच्या केसपेपरवर आईच्या फॅक्टर पातळीचा रकाना असावा. मुलाला बहीण असेल, तर तिची पातळी दात काढण्याच्या किंवा शस्त्रक्रियेच्या आधी, शक्यतो पाळी सुरू होण्यापूर्वीच तपासावी. ती वाहक आहे की नाही याची जनुकीय तपासणी मात्र तिला समजेल अशा वयात, तिच्या संमतीने करावी, आणि तो अहवाल लग्न जुळवणाऱ्या कोणाच्याही हाती देऊ नये.