मान सी हॉकचा

कल्याणला दुर्गाडीच्या पायथ्याशी ठेवलेल्या टी-८० युद्धनौकेकडे बघून परवा एका पोराने बापाला विचारलं, ‘बाबा, ह्यावर विमान कुठे उतरतं?’ अरे बाळा, विमानं उतरायची विमानवाहू ‘विक्रांत’वर! १९८३ मध्ये आलेलं सी हॅरियर जागच्या जागी उतरायचं. आपल्या डोंबिवलीकरासारखं, पाऊल टेकण्यापुरती जागा मिळाली की झालं. २०१६ मध्ये ते निवृत्त झालं तेव्हा केवढं कौतुक! पण खरा मान त्याआधीच्या सी हॉकचा. १९७१ च्या युद्धात, डिसेंबरात, ‘विक्रांत’चा एक बॉयलर तडकलेला असताना, वाफेच्या झटक्याने उडून सी हॉक विमानांनी कॉक्स बाजार, चितगाव झोडपलं आणि परतल्यावर शेपटीच्या आकड्याने डेकवरची तार पकडली. गोव्याला निघालेल्यांनी बीचच्या आधी बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात जावं. सी हॉक तिथे आहे.