कोड्यातला ‘कानडा’

एका रविवारच्या पुरवणीतले शब्दकोडे मी प्रवासात सोबत घेतले होते. ते सुटले मादन हिप्परग्याला, बहिणीच्या ओसरीवर. मथळा होता ‘राग-रागिण्या’. आम्हां गाणे शिकवणाऱ्यांना ते फार सोपे, म्हणून पेन्सिल भाचीच्या हाती दिली. ती कन्नड शाळेत जाते. घरात मराठी, दाराबाहेर कानडी. चौकटी मोजताना तिची अडचण झाली नाही. जोडाक्षराला एकच घर, हा हिशेब दोन्ही भाषांत सारखाच.

कोडेकाराची कल्पना छानच होती. उत्तर रागाचे नाव, सूचना मात्र त्या नावाच्या दुसऱ्या अर्थाची. ‘राजा’ म्हणजे भूप, ‘महिषासुराला मारणारी’ म्हणजे दुर्गा, ‘हिमालयातले तीर्थ’ म्हणजे केदार. ‘अशिक्षित’साठी अडाणा ही ओढाताण झाली, त्या अर्थाचा रूढ शब्द अडाणी.

मग आली तीन घरांची सूचना : ‘न कळणारा, परका’. पोर अडली. उत्तरे तळाशी उलटी छापलेली होती. तिने पान फिरवून ‘कानडा’ असे मोठ्याने वाचले आणि विचारले, “मामा, न कळणारा म्हणजे कुणाला?”

हा अर्थ कोडेकाराने पदरचा घातला असे मी म्हणत नाही. ज्ञानदेवांनी विठ्ठलाला कानडा म्हटले, तिथेही काही जण ‘अगम्य’ असाच अर्थ लावतात. पण तिथले न कळणे हा भक्ताचा विस्मय आहे. शेजारी ‘परका’ बसवले की तोच शब्द हिणवणारा होतो. आडवे-उभे शब्द जुळवताना कोडेकाराचे हात बांधलेले असतात, हे खरे; सूचना लिहिताना ते मोकळे असतात. ‘कर्नाटकातला’ एवढे एक पद पुरले असते.

आणि मथळा रागांचा! दरबारी, नायकी, शहाणा आणि तो अडाणासुद्धा, सगळे कानड्याचेच प्रकार. दरबारीतला आंदोलित कोमल गंधार विद्यार्थ्यांच्या गळ्यात उतरवताना वर्षे जातात. त्या रागाला परका म्हणायची छाती कोणत्या मराठी गवयाला होईल? आपल्या करवीर दरबारच्या अल्लादियाखाँची गायकी त्यांच्या मंजीखाँ आणि भुर्जीखाँ या मुलांकडून मल्लिकार्जुन मन्सूरांनी (१९१०–१९९२) घेतली. मन्सूर धारवाडकडचे, मातृभाषा कानडी. त्यांचे गाणे आपल्याला कळले नाही काय?

मादन हिप्परगा आळंद तालुक्यात, कलबुर्गी जिल्ह्यात. १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते, १९५६ साली तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. सीमा सरकली, माणसे तिथेच राहिली. त्यांच्या मराठीला कानडीचा वास येतो, असे इकडे नाक मुरडून म्हणतात. पण तूप, अडकित्ता, अण्णा, अक्का हे कानडीतून आलेले शब्द कोणत्या मराठी घरात नाहीत?

हे सगळे मी भाचीला सांगत बसलो नाही. ती छापील सूचना खोडून शेजारी ‘पंढरीचा विठोबा’ असे लिहिले, आणि तिने तीन घरे भरली.