आधी दुकान, मग कायदा!

गांजाचा व्यापार परवान्याच्या चौकटीत आणला की काळाबाजार संपतो, तिजोरीत कर जमा होतो आणि तरुण पिढीही सुरक्षित राहते, असा उपदेश आपल्याकडील काही विद्वान अधूनमधून करीत असतात. त्यांनी थायलंडकडे एकवार डोळे उघडून पाहावे.

९ जून २०२२ रोजी त्या देशाने गांजा अमली पदार्थांच्या यादीतून वगळला. तत्कालीन आरोग्यमंत्री अनुतिन चार्नवीराकुल यांच्या भूमजाईथाई पक्षाचे ते निवडणुकीतील आश्वासन होते. घरोघरी लावण्यासाठी दहा लाख रोपे फुकट वाटण्याची घोषणा झाली. हेतू सांगितला गेला तो औषधोपचाराचा आणि शेतकऱ्याच्या उत्पन्नाचा. मात्र हा व्यापार कोणी, कोठे आणि कसा करावा, हे ठरविणारा कायदाच संमत झालेला नव्हता! विधेयक संसदेत रखडले आणि मार्च २०२३ मध्ये संसदच विसर्जित झाली.

मग कारभार चालला कशावर? पारंपरिक औषधविद्येच्या रक्षणासाठी १९९९ साली केलेल्या कायद्यावर! गांजाचे फूल ‘नियंत्रित वनौषधी’ ठरवून त्याखाली विक्रीचे परवाने देण्यात आले. वीस वर्षांखालील मुलांना आणि गर्भवतींना विकू नये, अशी तंबीही होती. वैद्याच्या औषधासाठी केलेला कायदा पर्यटकांच्या चैनीच्या दावणीला बांधला गेला आणि बँकॉकच्या खाओसान रस्त्यावर दुकानांच्या रांगा लागल्या.

पुढचा तमाशा तर अधिकच उद्बोधक आहे. २०२४ मध्ये पंतप्रधान स्रेथा थाविसिन यांनी गांजा पुन्हा यादीत घालण्याचे जाहीर केले. सहकारी पक्षाने डोळे वटारताच तो बेत गुंडाळला. जून २०२५ मध्ये भूमजाईथाई आघाडीतून बाहेर पडला आणि अवघ्या काही दिवसांत वैद्यकीय चिठ्ठीशिवाय विक्रीस मनाई झाली. फुलाचे गुणदोष आघाडी मोडताच बदलले काय? कर्ज काढून, रीतसर परवाना घेऊन दुकान थाटणाऱ्याने तरी कोणावर विश्वास ठेवायचा? (अनुतिन सप्टेंबर २०२५ मध्ये पंतप्रधान झाले, हेही नोंदवलेले बरे.)

ही केवळ परक्याच्या घरची कथा नव्हे. बँकॉकहून आलेल्या प्रवाशांच्या सामानात मातीविना वाढविलेला, ‘हायड्रोपोनिक’ म्हणून ओळखला जाणारा गांजा मुंबई विमानतळावर वारंवार पकडला गेला आहे. सामान वाहणारा हाती लागतो. पाठविणारा लागतोच असे नाही. आणि आपल्या १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार वीस किलोंहून अधिक गांजासाठी किमान दहा वर्षांची सक्तमजुरी आहे.