चष्मा खिशात का राहतो?

४ मार्च हा राष्ट्रीय सुरक्षा दिन. त्या दिवशी कारखान्यात शपथ होते, फलक लागतात. पाच तारखेला ग्राइंडरवरच्या कामगाराचा चष्मा पुन्हा खिशात!

'आमच्या लोकांना शिस्तच नाही,' असे म्हणून आपण मोकळे होतो. मला हे पटत नाही. आपल्या बेळगावच्या उद्यमबागेतील फौंड्रीत जो माणूस वितळलेले लोखंड न डळमळता साच्यात ओततो, त्याला धोका कळत नाही असे कसे म्हणावे?

अडचण वेगळीच आहे. नगावर मजुरी असली की मिनिटाचाही हिशेब होतो. घामाने चष्मा धुरकट होतो, तो पुसण्यात वेळ जातो. मशीनचा गार्ड काढला की हात भराभर चालतो. त्यातच सुपरवायझर ओरडतो, 'आज माल गेलाच पाहिजे!' भिंतीवर 'सुरक्षा प्रथम' असे लिहिलेले असते. पण कामगार भिंतीचे ऐकत नाही, सुपरवायझरचे ऐकतो. तोच विनाचष्मा भट्टीजवळ फिरत असेल, तर नवा पोरगा काय शिकणार?

डोव्ह झोहर या संशोधकाने १९८० साली इस्रायलमधील २० कारखान्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वरिष्ठांना सुरक्षिततेची खरोखर किती कळकळ आहे, याविषयी कामगारांचे जे मत बनते, त्याला मोठे वजन असल्याचे त्यात दिसले.

भोपाळच्या १९८४ च्या दुर्घटनेनंतर, १९८७ मध्ये कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली. धोक्याच्या कामांतील कामगाराला, जिवावर बेतेल असे दिसताच वरिष्ठांना तसे सांगण्याचा हक्क मिळाला. फौंड्रीही त्या कामांच्या यादीत होती. पण 'हे धोक्याचे आहे' म्हणणाऱ्याला उद्या कामावर घेतील की नाही, ही धास्ती असेल तर कागदावरचा हक्क कागदावरच राहतो. ठेकेदाराकडच्या माणसाचे तर तोंडच उघडत नाही.

म्हणून मालकांना माझे सांगणे एवढेच : दंड नंतर करा. आधी चेहऱ्याला नीट बसणारा चष्मा द्या, तो पुसायला लागणारा वेळ मजुरीतून कापू नका, आणि मशीन थांबवून धोका दाखवणाऱ्याला चारचौघांत शाबासकी द्या.

आणि माझ्या भगिनींनो, संध्याकाळी घरधनी दमून आले की 'आज किती नग झाले?' हे विचारण्याआधी 'चष्मा घातला होता ना?' एवढे विचारून बघा. नग उद्याही होतील. डोळा गेला तर परत येत नाही.